पाय मिळणेबाबत

फोटोत पाय आहेत हे सर्व्हेअरला पहिल्यापासून माहीत होतं. लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या बाजूने एवढंच सांगता येईल की ते पाय त्याला महत्त्वाचे वाटले नाहीत. निळा टब, टबात पाणी, पाण्यात दोन पाय, आणि गुडघ्याच्या जरा वर फोटो संपलेला. म्हणजे त्याच्या हिशेबी फोटोत माणूस नव्हताच. अख्खा माणूस असता तर त्याने नक्की काहीतरी केलं असतं.

सर्व्हेअर हा त्याचा पेशा. विमा कंपनीत बसून ठेचलेल्या गाड्यांचे फोटो तपासायचे आणि मालक कुठे थापा मारतोय ते शोधायचं. ‘उभ्या गाडीवर गाय बसली’ असं लिहून आलेल्या दाव्यात मागच्या काचेत उमटलेला ट्रक त्याने हुडकून काढला होता. त्या ट्रकबद्दल ऑफिसात अजून बोललं जाई. निदान तो स्वतः तरी बोलत असे. दुसऱ्याच्या फोटोतली माशी त्याच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःच्या फोटोकडे मात्र दावा म्हणून बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

घरात त्याच्यापेक्षा वरच्या दर्जाची तपासणी करणारी एक व्यक्ती होती. त्याची सात वर्षांची मुलगी. तिला घरात सगळे इन्स्पेक्टर म्हणत. सगळे म्हणजे तो आणि बायको. इन्स्पेक्टर बोलत नसे. घरात बोलणारी दोन माणसं आधीच होती आणि त्यांच्या बोलण्याने कुठला प्रश्न सुटल्याचं तिच्या पाहण्यात नव्हतं. ती बघायची. उशीची खोळ उलटी घातली असेल, कपाचा कान डावीकडे वळला असेल, सर्व्हेअरने दाढी करताना कानाजवळ चार केस सोडले असतील, तर ती समोर उभी राहून तिथे बोट ठेवायची आणि दुरुस्ती होईपर्यंत ते काढायची नाही.

तिचं आणि जगाचं जे काही जमलं होतं ते कार्डांमुळे. ती ज्या स्वमग्न मुलांच्या केंद्रात जायची तिथल्या थेरपिस्ट ताईंनी ही पद्धत घालून दिली होती. हॉलच्या भिंतीवर एक लांब पट्टी, पट्टीवर चिकटणारी कार्डं, प्रत्येक कार्डावर एक फोटो. बूट. बस. केंद्र. डबा. घर. जे कार्ड पट्टीवर, ते दिवसात घडणार. जे घडलं, ते कार्ड चर्रकन काढून खालच्या खोक्यात. कार्डं यायच्या आधी घराबाहेर पडणं म्हणजे दारापासून लिफ्टपर्यंत दोन्ही कानांवर हात, आणि शेजारची सगळी दारं किलकिली. कार्डं आल्यावर वर्षभरात ती बसमध्ये बसायला लागली, आणि केस कापून घेताना न्हाव्याची सगळी बोटं शाबूत राहायला लागली.

“एकच लक्षात ठेवा,” ताई म्हणाल्या होत्या. “कार्ड म्हणजे आपण तिला दिलेला शब्द. दाखवलं ते झालंच पाहिजे. एकदा का कार्ड खोटं ठरलं, की सगळीच कार्डं खोटी.”

सर्व्हेअरने मान डोलावली होती. खोट्या फोटोंबद्दल त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

उन्हाळी सत्र लागलं. वर्षभर चालणारी वाचा-उपचार आणि हातापायांच्या व्यायामांची थेरपी चालूच राहणार, शिवाय मातीकाम, बी पेरणं, रंग, झोके, आणि शेवटी पाण्याचा खेळ. पाणी हा इन्स्पेक्टरच्या बाबतीत नाजूक विषय. अंगावर पाणी चाले, डोक्यावर चाले, तळपायांना चालत नसे. आंघोळीला ती स्टुलावर बसून पाय समोरच्या कोरड्या पाटावर ठेवी, आणि आंघोळ झाल्यावर पाट कोरडाच आहे ना ते बघे. तिचे पाय या उन्हाळ्यात पाण्यात पडावेत अशी ताईंची फार इच्छा होती. म्हणून ताईंनी प्रत्येक पालकाला एकेका उपक्रमाचं कार्ड करायला सांगितलं, तेव्हा सर्व्हेअरच्या वाट्याला पाणी आलं.

“केंद्राचा टब घरी न्या, पाणी भरून फोटो काढा,” ताई म्हणाल्या. “फक्त टब आणि पाणी. मागे काही नको.”

“ताई, मी रोज फोटोच बघतो हो,” सर्व्हेअर म्हणाला. हे वाक्य पुढे त्याला बऱ्याच जणांनी बऱ्याच आवाजांत म्हणून दाखवलं.

टबचा पंप केंद्रात राहिला होता. रविवारी गच्चीवर त्याने तो तोंडाने फुगवायला घेतला. अर्ध्यावर त्याला गच्चीच्या दोन गच्च्या दिसायला लागल्या. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका गाद्या उन्हात टाकायला आल्या.

“उन्हात फुगवू नका, फुटेल.”

सर्व्हेअरने टब सावलीत ओढला.

“सावलीत कशाला नेलात? गार हवा बसते. फोटोत मरगळलेला दिसेल.”

टब फुगला, पाणी भरलं, आणि जिन्याच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहिले. सेक्रेटरींचं या इमारतीत काय स्थान होतं ते सांगायला एकच गोष्ट पुरे: लिफ्टमध्ये ते शिरले की आधीपासून आत असलेली माणसं आपण कुठल्या मजल्याला चाललोय ते आपण होऊन सांगत. उजव्या गुडघ्याला राखाडी नी-कॅप, हातात नियमांची फाईल, आणि बोलायला लागले की मुद्दा संपेपर्यंत जागचे न हलण्याची सवय.

“गच्चीवर पाणी साठवायला बंदी आहे.”

“काका, फोटोपुरतंच. जेमतेम घोटाभर आहे.”

“कुणाच्या घोट्याएवढं?”

सेक्रेटरींनी चपला काढल्या, पँट दुमडली, उजवी नी-कॅप दिसेल इतकी आणि डावी त्याहून एक घडी वर, आणि ते टबात उतरले. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत होतं. म्हणजे नियमाप्रमाणे ठीक होतं. पण एकदा उतरलेच होते तर त्यांनी गळतीचा इतिहास सांगायला घेतला. ऊन उतरत होतं. मोबाईलची बॅटरी लाल झाली होती. सर्व्हेअरने दोनदा “काका, जरा बाजूला...” म्हणून बघितलं.

“मुद्दा पूर्ण होऊ दे.”

मुद्दा टाकीच्या पाइपापर्यंत आला तेव्हा सर्व्हेअरने काकांना कापता येईल तेवढं वरून कापून फोटो काढला आणि मोबाईल बंद पडला. काकांनी लगेच टबाचं बूच काढलं, आणि संध्याकाळपर्यंत नोटीस बोर्डावर कागद लागला: ‘गच्चीवर टब, पिंप, घंगाळ अथवा तत्सम भांडे आणू नये.’ दुसरा फोटो काढायची सोय संपली.

कार्ड बघून ताईंनी भुवया उंचावल्या. “हे पाय?”

“ते असेच आलेत.”

“दुसरा फोटो नाही का मिळणार?”

“पायच तर आहेत ताई. त्यात काय एवढं?”

केंद्रात उन्हाळी सत्राची झुंबड होती. एका मुलाने मातीकामाची माती झोक्यावर नेली होती आणि दुसरा झोका मातीत आणायच्या खटपटीत होता. ताईंनी कार्ड चालवून घेतलं. घरी इन्स्पेक्टरच्या पट्टीवर ते शेवटी लागलं, आणि त्या दिवसापासून ती रोज त्याच्यासमोर उभी राहून ते बघू लागली. इतकं बघू लागली की सर्व्हेअरला आपल्या छायाचित्रणाचा अभिमान वाटायला लागला.

पाण्याच्या दिवशी केंद्राच्या अंगणात निळा टब भरून ठेवला होता. मुलं मग घेऊन धावत होती. इन्स्पेक्टर घरच्या पट्टीवरचं कार्ड काढून हातात घेऊन आली, टबाजवळ उभी राहिली, आत डोकावली. मग कार्ड पाहिलं. मग टबाला एक फेरी मारून पलीकडून डोकावली. आणि सर्व्हेअरसमोर येऊन तिने कार्डावरच्या पायांवर बोट ठेवलं.

ते बोट त्याला चांगलं माहीत होतं.

“पाय हवेत तिला,” ताई हळूच म्हणाल्या.

“पाय ना? हे घे,” म्हणून सर्व्हेअर बूट काढून टबात उतरला. इन्स्पेक्टरने त्याच्या पायांकडे बघितलं. ती नजर त्याला ओळखीची होती. गायीच्या दाव्याकडे तो स्वतः अशीच बघत असे. मग ताई उतरल्या. मग संगीताचे सर डफली खाली ठेवून उतरले. सरांच्या पिंढऱ्या फोटोतल्या पिंढऱ्यांच्या जरा जवळ जात होत्या म्हणून प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी काढून त्यांच्या उजव्या गुडघ्याला गुंडाळली. पट्टी पांढरी होती. इन्स्पेक्टरने पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं, मग कार्डावरच्या राखाडी नी-कॅपवर. मग तिने कार्ड टबाशेजारी पालथं ठेवलं आणि दोन्ही कानांवर हात घेतले.

वर्षभरात ते हात तिथे गेले नव्हते.

घरी आल्यावर तिने पट्टीवरची कार्डं काढायला सुरुवात केली. बूट. बस. डबा. चर्र, चर्र, चर्र. खालच्या खोक्यात नाही. वॉशिंग मशीनमागच्या फटीत एकेक करून, आणि शेवटी सर्व्हेअरने टबाशेजारून उचलून आणलेलं पायांचं कार्डही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअरने हात घालून बसचं कार्ड बाहेर काढलं आणि तिच्यासमोर धरलं. तिने त्याच्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, आणि ते परत फटीत टाकलं. बस खाली हॉर्न वाजवून निघून गेली.

“तू रोज फोटोच बघतोस ना?” बायको म्हणाली. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. चिठ्ठीवरचं अक्षर न लागल्यास गोळी देत नसे. “पाय दिसले नव्हते तुला?”

“दिसले होते.”

“मग?”

“मला वाटलं, कोण बघतंय.”

बायकोने वॉशिंग मशीनमागच्या फटीकडे बोट दाखवलं.

ताईंना फोन केला. बेत बदलला हे सांगणारं एक वेगळं कार्ड असतं, पण ते तिला अजून शिकवलेलं नव्हतं, आणि आता या गोंधळात ते घुसवलं तर ती त्याच्यावरही विश्वास ठेवणार नाही, असं ताईंचं म्हणणं पडलं. “शुक्रवारी सत्राचा शेवटचा दिवस आहे. टब परत भरते. त्या दिवशी कार्ड खरं करता आलं तर बघा.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मला तर वाटतं, ते पाय होते म्हणूनच ती रोज बघत होती. पाण्यात गेलेले पाय. तिला कदाचित त्यांचं पुढे काय होतं ते बघायचं असेल.”



इमारतीत बातमी पसरली. मुख्याध्यापिका बाई नवऱ्यालाच दारात घेऊन आल्या. “ह्यांचे पाय बघा. अगदी सेक्रेटरींसारखे. उगाच त्या माणसाच्या नाकदुऱ्या कशाला काढता? हे घेऊन जा.” ह्यांनी कसलीही हरकत न घेता पायजमा वर केला. पाय बगळ्याचे होते. समोरच्या घरातले शेजारी म्हणाले, रबराचे पाय मिळतात, कपड्यांच्या दुकानात पुतळ्यांना असतात ते. त्यांनी चौकशीही करून ठेवली होती. फक्त ते पाय कमरेपासून खाली एकत्र मिळत आणि बाईचे होते.

शेवटी खरे पाय धरण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

सेक्रेटरींकडे तोंडी काही चालत नसे, म्हणून सर्व्हेअरने अर्ज लिहिला.

‘प्रति, माननीय सेक्रेटरी. विषय: पाय मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आपले दोन्ही पाय (गुडघ्यापर्यंत) येत्या शुक्रवारी सकाळी लहान मुलांच्या उपक्रमासाठी उपलब्ध करून द्यावेत. वापर झाल्यावर ते आहेत त्या स्थितीत परत करण्यात येतील. सोबत: फोटो.’ आणि फटीतून काढलेलं ते कार्ड त्याने अर्जाला टाचणीने लावलं.

बायको कामावर होती, त्यामुळे इन्स्पेक्टरला बरोबर घेणं भाग होतं. सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा ते घरातल्या अर्ध्या चड्डीवर होते. फाईल मात्र हातात होती, झोपतानाही असावी.

त्यांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला. परत वाचला.

“‘आहेत त्या स्थितीत’ म्हणजे? ओले का कोरडे?”

“कोरडे करून.”

“उजव्या गुडघ्याची झीज नमूद केलेली नाही. उद्या तिथे घसरलो तर तुम्हीच म्हणाल, हे आधीपासूनच होतं.”

सर्व्हेअर कानापर्यंत लाल झाला. हे वाक्य तो दिवसातून आठ-दहा गाडीमालकांना म्हणत असे.

“शिवाय डॉक्टरांनी पाण्यात उभं राहायला मनाई केलीय.”

“पण काका, गच्चीवर तुम्ही...”

“तो कर्तव्याचा भाग होता.” सेक्रेटरींनी टाचणीखालचा फोटो डोळ्यांजवळ नेला. आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “इतकी वर्षं या इमारतीचं करतोय. पाण्याची टाकी, लिफ्ट, रंग, उंदीर. नोटीस बोर्डावर माझा एक फोटो नाही कधी लागला. माझा म्हणून पहिला फोटो कुठे लागला, तर एका लहान मुलीच्या कार्डावर, आणि तोही गुडघ्याखालचा. मी काय मागे उभा नव्हतो? डोकं नव्हतं मला?”

“होतं काका. कडेला येत होतं.”

“कडेला!”

हे सगळं चुकत चाललंय हे सर्व्हेअरला कळत होतं. गाडीमालकाच्या खुर्चीत बसून दाव्याची बाजू मांडायची सवय त्याला नव्हती. त्याने कागद-बिगद विसरून बोलायला घेतलं. “काका, चूक माझी आहे. तिला आम्ही जे फोटो दाखवतो, त्यावरच ती घराबाहेर पडते. मी निष्काळजीपणे एक फोटो दिला, आणि आता ती बसमध्ये बसत नाही, केंद्रात जात नाही, जेवणाचं कार्डसुद्धा नाकारते. माझ्या फोटोवरचा तिचा विश्वास...”

वाक्य पुरं व्हायच्या आत इन्स्पेक्टर पुढे आली होती. तिने अर्जाची टाचणी काढली. कार्ड हातात घेतलं. सेक्रेटरींच्या उघड्या गुडघ्याजवळ वाकून तिने कार्ड नी-कॅपच्या शेजारी धरलं.

“हे काय करतेय ती?” सेक्रेटरी कुजबुजले.

“तपासतेय.”

सेक्रेटरी आपोआप ताठ उभे राहिले. ती मागे गेली. मागून बघितलं. डावा पाय बघितला, तीळ असावा तिथे जरा थांबली. पुन्हा समोर आली. कार्डावरच्या गुडघ्यावर बोट ठेवलं, मग त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. कुठल्याही परक्या माणसाला ती बोट लावत नसे, हे सर्व्हेअरला माहीत होतं, सेक्रेटरींना नव्हतं. पण श्वास दोघांनीही धरला होता.

“काय... काय निघालं?”

“जुळतंय असं दिसतंय.”

सेक्रेटरींनी घसा साफ केला. “जुळणारच. माझेच आहेत.” आणि मग जगातल्या तमाम तपासण्या आयुष्यभर स्वतः केलेल्या आणि एकीलाही सामोरं न गेलेल्या माणसाच्या काळजीने ते म्हणाले, “पँट कुठली होती त्या दिवशी?”

“तपकिरी.”

“ती इस्त्रीला गेलीय!”

पुढचे दिवस इमारतीत जी धावपळ झाली ती लिफ्ट अडकली तेव्हाही झाली नव्हती. तपकिरी पँट इस्त्रीवाल्याने दुसऱ्याच घरी दिली होती. ती परत आली तेव्हा तिला कडक घडी पडली होती, आणि फोटोत चुरगळलेली होती. म्हणून सेक्रेटरी ती घालून झोपले. दोनदा त्यांनी सर्व्हेअरला ऑफिसात फोन करून विचारलं की डावी घडी गुडघ्याच्या नक्की किती बोटं वर होती. समोर बसलेल्या गाडीमालकाला वाटलं, हा आपल्याच दाव्यातला मुद्दा आहे, आणि त्याने आपण होऊन खरं काय ते सांगून टाकलं.

शुक्रवारी इन्स्पेक्टरने बसचं कार्ड घेतलं नाही. पण पायांचं कार्ड अर्जावरून काढल्यापासून तिने खाली ठेवलं नव्हतं. ते हातात धरून ती सेक्रेटरींच्या मागोमाग जिना उतरली आणि बसमध्ये त्यांच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसली. सबंध रस्ताभर ती त्यांच्या गुडघ्यावर लक्ष ठेवून होती. सेक्रेटरींनी गुडघा हलवला नाही.

अंगणात टब भरलेला होता. “घोट्यापर्यंतच ना?” सेक्रेटरींनी ताईंना विचारलं, आणि फाईल सर्व्हेअरच्या हातात देऊन पँट दुमडली. उजवी तेवढी, डावी एक घडी वर. ते टबात उतरले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

इन्स्पेक्टर काठावर आली. कार्ड. टब. कार्ड. टब. मुलांचा गलका चालू होता. ती पुढेही येईना, मागेही जाईना. बायको दुकानातून तासाची सवड काढून आली होती. तिने त्याची बाही पकडली. कार्ड खरं झालं होतं. फोटोत होतं ते सगळं जिथल्या तिथे होतं. आता फोटोच्या पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात सेक्रेटरींच्या तळव्याला गुदगुल्या झाल्या असाव्यात. त्यांनी उजवा पाय पाण्याबाहेर उचलला, वळवून बघितला, आणि परत पाण्यात ठेवला.

इन्स्पेक्टरची मान वर झाली.

“काका,” ताई ओठ न हलवता म्हणाल्या, “परत.”

“ह्या गुडघ्याला ते...”

“परत, काका.”

पाय बाहेर. सगळा. पाची बोटं. परत आत. इन्स्पेक्टर खाली बसली आणि तिने एक सँडल काढली. पाय टबाच्या काठावरून आत नेला, पाण्याला लावला, झटकन बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरून तपासला. पाय होता. सगळा होता. तिने तो पुन्हा आत घातला, पुन्हा काढला, पुन्हा तपासला. मग दुसरी सँडल काढली. आणि सेक्रेटरींच्या समोर, त्यांच्याचसारखे हात मागे बांधून, ती टबात उभी राहिली.

बायको सर्व्हेअरची बाही सोडेना, आणि त्यालाही ती सुटायला नको होती.

टबातले दोघं तसेच उभे राहिले. फार वेळ. बाकीची मुलं येऊन त्यांच्यावर मग ओतून गेली. सेक्रेटरींची बोटं सुरकुतली, चेहरा पांढरा पडायला लागला, गुडघा मधूनमधून थरथरायला लागला. पण तपासणी चालू असताना जागा सोडायची नसते हे त्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांनी सर्व्हेअरकडे बघितलं. सर्व्हेअरने ताईंकडे. ताई “संपलं”चं कार्ड घ्यायला वळल्या, आणि थांबल्या.

इन्स्पेक्टर सेक्रेटरींच्या गुडघ्याकडे बघत होती. ती टबातून उतरली, ओल्या पायांनी अंगण ओलांडून आत गेली, भिंतीवरून एक कार्ड काढून घेऊन आली, आणि ते तिने ताईंना नाही, आईला नाही, बाबांना नाही, सेक्रेटरींना दिलं.

संपलं.

आजवर ते कार्ड नेहमी कुणीतरी तिला दाखवलेलं होतं. ते दुसऱ्याला द्यायचं असतं असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताईंनी चष्मा काढून ओढणीने उगाचच पुसला. सेक्रेटरींनी कार्डाच्या दोन्ही बाजू बघितल्या आणि खिसा चाचपला. “पोच द्यायला हवी हिला,” ते म्हणाले. “पेन आहे का कुणाकडे?”

संध्याकाळी वॉशिंग मशीन पुढे ओढली गेली. ओढली सर्व्हेअरने, कार्डं काढली इन्स्पेक्टरने. एकेक पुसून तिने पट्टीवर लावलं. बूट. बस. डबा. सर्व्हेअर जमिनीवर बसून जागेवर जाणारं प्रत्येक कार्ड मोजत होता. शेवटी तिने पायांचं कार्ड घेतलं, थोडा विचार केला, आणि ते पट्टीवर, डब्याच्या नंतर, घट्ट दाबून बसवलं.

म्हणजे उद्या.

उद्या केंद्र बंद. सत्र संपलेलं. टब घडी करून ताईंच्या कपाटात. गच्चीवर बंदी. सर्व्हेअरने कार्डाकडे बघितलं, इन्स्पेक्टरने त्याच्याकडे. आता हा शब्दही आपणच पाळायचा आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

तो चपला सरकवून खाली गेला. नोटीस बोर्डावर ‘भांडे आणू नये’च्या खाली निळ्या शाईत ओळ वाढवलेली होती: ‘सेक्रेटरी स्वतः भांड्यात उभे असल्यास हा नियम लागू नाही.’ त्याने सेक्रेटरींची बेल वाजवायला हात उचलला, तेवढ्यात दार उघडलं. आत, हॉलच्या मधोमध, धुण्याची मोठी निळी बादली उलटी वाळत ठेवलेली होती. आधी तिच्याकडे, मग सर्व्हेअरकडे बघत सेक्रेटरी म्हणाले,

“बादलीत दोन पाय मावत नाहीत, मी बघितलं. टब लागेल.”

“टब मी बघतो काका.”

“अर्ज आणलाय?”

“नाही.”

“मग लिहून आणा,” सेक्रेटरी म्हणाले, आणि वाकून त्यांनी डावी पँट एक घडी वर घेतली.